एमटीआर वापरून बघा, मग आयएसपीशी भांडा

आमच्या फोंड्यात फायबर आलाय, स्पीड टेस्ट मारली की १०० एमबीपीएसच्या आसपास येतं, तरी मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतोच. आयएसपीच्या, म्हणजे इंटरनेट कंपनीच्या, कस्टमर केअरवाल्याचं ठरलेलं, 'सर, राऊटर रिस्टार्ट करा'. शेवटी वैतागून एमटीआर टाकलं. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला किती वेळ लागतो ते) आणि ट्रेसराऊट (वाटेत कुठले राऊटर लागतात ते) एकाच प्रोग्रॅममध्ये, फुकट आहे, विंडोजवाल्यांना विनएमटीआर मिळतं. दिसायला एकदम जुनाट, काळी स्क्रीन आणि आकड्यांचे रकाने, पण त्यातला बेस्ट नावाचा रकाना, म्हणजे सगळ्यात कमी लागलेला वेळ, सोनं आहे राव!

कसं ते सांगतो. रायबंदर-चोडण फेरीला नदी ओलांडायला लागणारा वेळ दरवेळी जवळपास तेवढाच, खरा वेळ जातो तो धक्क्यावरच्या गाड्यांच्या रांगेत. पॅकेटचं, म्हणजे डेटाच्या छोट्या गठ्ठ्याचंही तेच. फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो, म्हणजे गोवा-मुंबई जाऊन येऊन सहा-सात मिलिसेकंद, ते काय कमी होणार नाहीत, बाकी जे वरखाली होतं ती बहुतेक रांगच. त्यामुळे शेवटच्या ओळीतल्या (म्हणजे ज्या सर्व्हरपर्यंत मोजतोय त्याच्या) ॲव्हरेजमधून बेस्ट वजा केला की सरासरी किती वेळ रांगेत गेला त्याचा अंदाज येतो. माझं पहाटे बेस्ट १८ मिलिसेकंद, ॲव्हरेज १९. संध्याकाळी बायकोच्या फोनवरून चवथीच्या फोटोंचा बॅकअप सुरू झाला आणि बेस्ट तोच १८ पण ॲव्हरेज गेला ३१० वर!! पहिला हॉप (वाटेतला एकेक राऊटर म्हणजे हॉप), म्हणजे घरचा राऊटर, १ वरच, दुसऱ्यापासून पुढे सगळे फुगलेले, म्हणजे रांग घराच्या तोंडावरच, आणि चालू होता तो बॅकअप, म्हणून अपलोडचीच. हिशोबही जुळतो, १० एमबीपीएस अपलोडवर एक एमबीचा बफर (पॅकेटं थांबायची जागा) भरला तर रिकामा व्हायलाच ८०० मिलिसेकंद लागतात.

आता तक्रारी. मधल्याच एका हॉपवर २०० दिसतं आणि पुढच्यावर परत २०, लोक लगेच स्क्रीनशॉट काढून शिव्या घालतात. अरे, तो राऊटर पिंगला उत्तर द्यायला आळस करतोय, तुमचं ट्रॅफिक तो नीट पुढे ढकलतोय. फुगवटा शेवटच्या ओळीपर्यंत टिकला तरच खरा. दुसरं, आकडा जाण्यायेण्याचा मिळून असतो, रांग जाताना लागली की येताना ते त्यावरून कळत नाही, त्यासाठी दोन्ही टोकांची घड्याळं जुळवून मोजावं लागतं, घरच्या माणसाला कुठे जमणार. आणि लाईन आधीच भरलेली असताना मोजलंत तर बेस्टमध्येही रांग शिरते, म्हणून रात्रभर चालू ठेवून द्या. नेहमीच्या सेटिंगला सेकंदाला एकच पॅकेट जातं, बारीक झटके सुटतात ते वेगळंच.

एमटीआर फक्त दुखणं दाखवतं, औषध नाही. मी राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरचं फुकट सॉफ्टवेअर) टाकून त्यातल्या एसक्यूएममध्ये, म्हणजे रांग आवरणाऱ्या सोयीत, केक नावाची पद्धत लावली, अपलोड लिमिट खऱ्या स्पीडपेक्षा थोडी खाली ठेवली, आता बॅकअप चालू असतानाही ॲव्हरेज २५ च्या आत. स्पीड टेस्टचा आकडा थोडा पडला, पडू दे. पाचपैकी चार, एक कापला कारण मोबाईलवरून चालवायचं तर टर्मिनलचे, म्हणजे कमांड टाईप करत बसायचे, नखरे करावे लागतात.