म्हापशाच्या बाजारातला '2 टीबी'चा पेन ड्राइव्ह

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका विक्रेत्याने '2 टीबी' छापलेला पेन ड्राइव्ह सातशे रुपयांना आमच्या नाट्यमंडळाच्या गळ्यात मारला. त्यात आमची दोन नाटके कायमची गेली. गोव्यात देवळांच्या उत्सवांत गावोगाव नाटके होतात आणि आता बरीच मंडळे त्यांचे व्हिडिओ करून ठेवतात, म्हणून हे लिहितो आहे.

ठकवण्याची रीत अशी. आतली चिप 32 जीबीची, पण ड्राइव्हचा कारभार सांभाळणाऱ्या कंट्रोलरमध्ये फेरफार केलेला. कॉम्प्युटरने विचारले की तो बेधडक 2 टीबी सांगतो. 32 जीबी भरले की पुढचा डेटा एकतर कुठेच साठत नाही किंवा आधीच्याच डेटावर लिहिला जातो. एरर येत नाही. फायलींची यादी सुरुवातीच्या भागात असते, ती बहुतेक वेळा शाबूत राहते. आमचे पहिले नाटक नांदीपासून शेवटच्या पडद्यापर्यंत नीट चालले. दुसऱ्याचे नाव दिसते, तारीख बरोबर, आकार बरोबर, क्लिक केले की काही उघडत नाही. तिसऱ्याचेही तेच. कॅमेऱ्याची कार्डे तोवर पुसून पुढच्या प्रयोगाला वापरली गेली होती.

एकच नाटक का वाचले, तेही हिशेबात बसते. कॅमेरा सेकंदाला 24 मेगाबिट नोंदवतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला 3 मेगाबाइट, तासाला 10.8 जीबी. पावणेतीन तासांच्या नाटकाला सुमारे 30 जीबी लागतात. खऱ्या 2 टीबीत, म्हणजे 2000 जीबीत, अशी साठाहून जास्त नाटके मावली असती.

जाब विचारला तर उत्तर मिळाले, "दादा, फॉरमॅटमध्ये जागा जातेच, सगळ्या कंपन्यांचं असंच असतं." हे उत्तर पटते, आणि तिथेच लोक गप्प बसतात. खरी गोष्ट वेगळी आहे. कंपन्या 1 टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट मोजतात. विंडोज 1024च्या पटीने मोजते, म्हणून तेच 1 टीबी तिथे 931 जीबी दिसते आणि 2 टीबी साधारण 1.81 टीबी. 1024च्या मापांना 1998 साली किबिबाइट, मेबिबाइट, गिबिबाइट अशी वेगळी नावे ठरली, पण विंडोज अजून जीबी-टीबीच लिहिते. या गोंधळावर ही माणसे पोट भरतात, याचा मला मनस्वी राग येतो. आमच्या ड्राइव्हवर तर विंडोजमध्ये 1.95 टीबी दिसत होते, म्हणजे कंपन्यांच्या मापाने सुमारे 2.14 टीबी! छापल्यापेक्षा एवढी जास्त जागा कोणी फुकट देत नाही.

अर्थात नकली ड्राइव्ह 1.81सुद्धा दाखवू शकतो, तेव्हा नुसत्या आकड्यावर जाऊ नका. नवा ड्राइव्ह रिकामा असतानाच विंडोजवर 'एच2टेस्टडब्ल्यू' (H2testw) किंवा लिनक्स-मॅकवर 'एफ3' (F3) हा तपासणीचा प्रोग्राम चालवा. दोन्ही फुकट आहेत; पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतात. मोठ्या ड्राइव्हला कित्येक तास लागतात, लागू द्या. तोवर मूळ कार्ड पुसू नका. नकली निघालाच तर त्यावर पुढे काही लिहू नका, जे उघडते ते आधी दुसरीकडे काढून घ्या.

आणि बिल मागाच. बिल, पाकिटाचा फोटो आणि चाचणीचा स्क्रीनशॉट हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार करता येते. आमच्याकडे बिल नव्हते, कारण विक्रेत्याने ते दिलेच नाही.