कोचीत सहा महिने : उतरायचं कुठे, पाहायचं काय

ऑक्टोबरात कंपनीनं मला नाशिकच्या अंबडहून कोचीजवळच्या कळमश्शेरीला पाठवलं आणि एप्रिलमध्ये मी नाशिकला परत आले. या सहा महिन्यांत मी स्वतः तीन ठिकाणी राहिले. शिवाय घरून पाहुण्यांच्या चार खेपा झाल्या : आधी आई-अण्णा, मग नणंद आणि तिची मुलं, मग कंपनीतल्या दोघी मैत्रिणी आणि शेवटी नवरा व लेक. सगळ्यांची सोय मीच लावली, त्यामुळे काय जमलं आणि काय फसलं ते दोन्ही पाहिलं. आता ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "कोचीला कुठे उतरावं?" म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

खोली बघण्याआधी या शहरातलं पाणी समजून घ्या. रेल्वे स्टेशन, बाजार, मेट्रो हे सगळं एर्नाकुलमला, म्हणजे मुख्य जमिनीवर. जुनं शहर, म्हणजे फोर्ट कोची आणि मट्टनचेरी, खाडीच्या पलीकडे. दोघांच्या मध्ये विलिंग्डन बेट आणि उत्तरेला वैपीन. एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला रस्त्यानं गेलात तर बारा-तेरा किलोमीटर, आणि संध्याकाळच्या गर्दीत मला एकदा सव्वा तास लागला. तेच अंतर बोट साधारण वीस मिनिटांत कापते. त्यामुळे हॉटेलवाल्याला "समुद्र दिसतो का?" असं विचारण्यापेक्षा "जेट्टीपर्यंत पायी किती मिनिटं?" असं विचारा. माझ्या तिन्ही जागांमधला खरा फरक तेवढाच होता.

पहिली जागा इडप्पल्लीला, कंपनीनं ठरवून दिलेली. कामासाठी सोयीची, कारण मेट्रोनं कळमश्शेरी अगदी जवळ. पण तिथे राहून कोची पाहिली असं म्हणताच येणार नाही. मोठा मॉल, उड्डाणपूल, हायवेची वर्दळ. आपल्या द्वारका चौकात राहून पंचवटी पाहायला निघावं तसं. फिरायला येणाऱ्यांनी, खोली स्वस्त मिळाली तरी, इकडे उतरू नये.

पंधरा दिवसांनी मी फोर्ट कोचीला एका घरगुती होमस्टेत राहायला गेले आणि अडीच महिने तिथे काढले. पहाटे सहाला बाहेर पडलं की रस्त्यावर माणसं तुरळक, पावसानं काळवंडलेल्या जुन्या भिंती, डोक्यावर विलायती शिरीषाच्या प्रचंड फांद्या. त्या फांद्यांवर इतकी नेच्यांची आणि बांडगुळांची गर्दी असते की झाडावर दुसरं झाड उगवल्यासारखं वाटतं. मासेमारीची चिनी जाळी बघायची हीच वेळ. लांब वासे, मागच्या टोकाला दोरांनी बांधलेले दगड, आणि चार-सहा माणसं मिळून ते सगळं धूड पाण्यातून वर उचलतात. पूर्वी वासे सागवानी असायचे, आता लोखंडी पाइपही दिसतात. दुपारी अकरा वाजता टूरच्या बसमधून उतरणाऱ्यांना हीच जाळी दिसते, पण तेव्हा बहुतेक रिकामी उभी असतात आणि समोर फोटो काढणाऱ्यांची रांग लागलेली असते. माझे अण्णा शेतकरी माणूस. पहाटे तासभर त्यांनी त्या दगडांचा तोल कसा साधला आहे ते पाहिलं आणि आमच्या निफाडकडच्या जुन्या मोटेची आठवण काढली. एवढ्या एका सकाळीसाठी तरी मी पाहुण्यांना फोर्ट कोचीलाच उतरवते.

पण तिथल्या अडचणी लपवत नाही. डास भयंकर. मच्छरदाणी आहे का हे बुकिंगआधी विचारा, "कॉइल देतो" या उत्तरावर समाधान मानू नका. दुसरं म्हणजे किनारा. पोहण्यासारखा समुद्र डोक्यात ठेवून आलात तर निराश व्हाल. पावसाळ्यानंतर खाडीतली जलपर्णी वाहत येऊन वाळूवर साचते. गोदावरीत आपण जे पाहतो तेच इथे समुद्राच्या तोंडाशी. नणंदेच्या मुलांना लाटा हव्या होत्या, त्यांना वैपीनच्या टोकाला चेराईच्या किनाऱ्यावर न्यावं लागलं, आणि तो एक वेगळा पूर्ण दिवस गेला. तिसरं, 31 डिसेंबर. त्या रात्री फोर्ट कोचीला पाप्पांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाच्या म्हाताऱ्याचा, प्रचंड पुतळा जाळतात आणि केरळभरातून माणसं लोटतात. पाहण्यासारखं आहे, पण लहान मुलं किंवा वृद्ध बरोबर असतील तर त्या दोन दिवसांत तिथे उतरूच नका. रस्ते बंद, बोटींना रांगा, रिक्षा मिळणं मुश्कील.

मला मात्र रोज कळमश्शेरी गाठायची होती. बोट, मग मेट्रो, मग कंपनीची गाडी. काम लांबलं की शेवटची बोट चुकण्याची धास्ती. म्हणून जानेवारीत एर्नाकुलमला, मुख्य जेट्टीपासून पायी आठ मिनिटांवर छोटा फ्लॅट घेतला आणि उरलेले तीन महिने तिथेच राहिले. राहायला ही सगळ्यांत उत्तम जागा ठरली. सुट्टीच्या दिवशी सकाळी बोटीनं पलीकडे, जेवायला परत, संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर फेरी. आठवडाभरासाठी येणाऱ्यांना किंवा इथून मुन्नार, आलप्पुळा करणाऱ्यांना मी हाच भाग सांगते. तीनच दिवस असतील तर फोर्ट कोची.

बोटींबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण बंदर खरं दिसतं ते बोटीतूनच. राज्य जलवाहतूक खात्याची जुनी बोट दहा रुपयांच्या आत फोर्ट कोचीला नेते. लाकडी बाकं, उघड्या खिडक्या, ऑफिसला निघालेली माणसं. एका बाजूला वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलच्या उंच क्रेन, दुसऱ्या बाजूला विलिंग्डन बेटाचे धक्के. ते बेट माणसानं घडवलेलं आहे. रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्यानं 1920 च्या दशकात बंदराच्या तोंडाशी आडवा पडलेला वाळूचा बांध कापला, खाडी खोल केली आणि उपसलेल्या गाळातून हे बेट उभं राहिलं. 1341 च्या पेरियार नदीच्या महापुरानं जुनं मुझिरिस बंदर गाळानं निकामी झालं आणि कोचीचं मुख खुलं झालं, असं सांगतात. एका गाळानं बंदर बुडवलं आणि दुसऱ्या गाळातून बेट उगवलं, हे त्या बोटीत बसून लेकीला सांगताना मला फार आनंद झाला. त्याच फेरीत बंदराच्या तोंडाशी तिला डॉल्फिनची पाठ दिसली, मग इतिहास बाजूलाच राहिला.

दुसरा पर्याय वॉटर मेट्रो. एप्रिल 2023 मध्ये सुरू झाली आणि वर्षभरानं फोर्ट कोचीपर्यंत आली. विजेवर चालणारी, वातानुकूलित, एका वेळी शंभर प्रवासी. हायकोर्ट जेट्टीहून फोर्ट कोचीचं तिकीट मी होते तेव्हा चाळीस रुपये होतं. आईचे गुडघे दुखतात. तरंगता धक्का बोटीच्या पातळीत राहत असल्यानं तिला चढता-उतरता आधार लागला नाही. शनिवार-रविवारी मात्र रांग इतकी लांबते की जुनी बोट आधी पोहोचवते. वृद्धांना मेट्रो, बाकीच्यांना जुनी बोट असं मी ठरवून टाकलं होतं.

मट्टनचेरीला शुक्रवारी किंवा शनिवारी जाऊ नका. राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शुक्रवारी-शनिवारी दोन्ही दिवस. माझ्या मैत्रिणी नेमक्या शुक्रवारी गेल्या आणि दोन्ही बाहेरूनच पाहून आल्या. राजवाडा पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधून राजाला दिला, पुढे डचांनी दुरुस्त केला, म्हणून नाव डच पॅलेस. बाहेरून साधा वाडा वाटतो, पण आत रामायणाची भित्तिचित्रं आहेत. आई तिथून हलेचना. प्रसंग ओळखीचे, चेहरे आणि दागिने मात्र सगळे केरळी. परदेशी सिनेगॉग 1568 चं. जमिनीवर चीनमधून आणलेल्या, हातानं रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा. 1948 नंतर इथले बहुतेक ज्यू इस्रायलला गेले, त्यामुळे बाहेरच्या गल्लीत आता दुकानंच उरली आहेत. त्या गल्लीत मसाले घेऊ नका. थोडं पुढे बाजार रोडवर चला. सुंठ, मिरी, वेलदोड्याच्या वखारी आहेत, हातगाड्या आहेत आणि वासानंच नाक भरतं. मिऱ्याचे वायदेही एके काळी मट्टनचेरीतच बोलले जात. लासलगावच्या लिलावात वाढलेल्या अण्णांना या बाजारानं इतर कशाहीपेक्षा जास्त बांधून ठेवलं. पुढे एर्नाकुलमच्या बाजारात नाशिकच्या कांद्याची गोणी दिसली आणि त्यांनी दुकानदाराला खुणेनंच भाव विचारला. कांद्याला तिथे 'सवाळ' म्हणतात, हा शब्द ते अजून वापरतात.

चेरलाईला गौड सारस्वतांचं तिरुमल देवस्थान आहे. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून आलेल्या कुटुंबांची ही वस्ती, घरात अजून कोंकणी बोलतात. देवळाबाहेर एका आजींशी आई मराठीत आणि त्या कोंकणीत अर्धा तास बोलत होत्या. निम्मं तरी दोघींना कळलं. जवळच गुजराती वस्ती आहे, त्यामुळे शाकाहारी जेवणाची चिंता नको. बाकी सगळीकडे खोबरेल तेल आणि लाल जाड भात. मला दोन्ही आवडायला महिना लागला. पुट्टू-कडला, म्हणजे तांदळाचा वाफवलेला पुट्टू आणि काळ्या हरभऱ्याची उसळ, आणि संध्याकाळच्या चहाबरोबर नेंद्रन केळ्याची भजी, म्हणजे पळंपोरी, मात्र पहिल्या दिवसापासून.

सेंट फ्रान्सिस चर्चला अर्धा तास पुरे. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीत वारला, आधी इथेच पुरला, नंतर अवशेष पोर्तुगालला नेले. त्रिपुणित्तुराचा हिल पॅलेस मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनाकडे, सोमवारी बंद. वेळ उरला तरच जा. मी राहिले ते वर्ष बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनाचं नव्हतं, ते भरायचं त्या अ‍ॅस्पिनवॉल हाउसचं फाटक बंदच पाहिलं. तुम्हाला चित्रकलेची आवड असेल तर डिसेंबर ते मार्च प्रदर्शन भरणारं वर्ष बघून बेत आखा.

हवेचं सांगायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी विजांसह पाऊस, जानेवारी-फेब्रुवारी उत्तम, मार्चपासून घाम. नाशिकच्या थंडीतून जाणाऱ्यांनी स्वेटर स्टेशनावरच बॅगेत टाकावेत.

जाण्यासाठी नाशिकरोडहून थेट मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस आहे. दिवसाहून जास्त प्रवास, पण कोकण रेल्वेचा बराच पट्टा खिडकीतून दिसतो. पावसाळ्यात तिचं वेळापत्रक वेगळं असतं, तारीख बघून तिकीट काढा. परतीची गाडी एर्नाकुलमहून, पावसाळा सोडला तर, दुपारी निघते. फोर्ट कोचीला उतरला असाल तर सकाळी दहाच्या आतली बोट पकडा. जेट्टीवरून साउथ स्टेशन रिक्षानं जवळच आहे आणि वाटेत केळ्याचे वेफर्स कढईतून काढलेले गरम घेता येतात. आईनं तीन किलो घेतले होते, इगतपुरी येईपर्यंत डब्यातल्या सगळ्यांना वाटून एक किलो घरी पोहोचले.