‘हर्बल’ बाटलीत निघालं अँटिबायोटिक

पोल्ट्रीवाल्यांनो, ‘शंभर टक्के हर्बल, अँटिबायोटिकला पर्याय’ म्हणून कुणी दारात औषध घेऊन आलं, तर आधी हे वाचा.

संगमनेर तालुक्यात आमचं गावरान अंड्यांचं शेड आहे. अँटिबायोटिक न वापरलेली अंडी म्हणून पुण्याची गिऱ्हाइकं चार पैसे जास्त देतात. पावसाळ्यात मर लागली. डॉक्टरांनी मेलेली कोंबडी फाडून दाखवली. कलेजीवर आणि हृदयावर पिवळसर पापुद्रा चिकटलेला; ई. कोलाय जंतूंचा संसर्ग. तेवढ्यात हा विक्रेता आला. बाटलीवर तुळस, हळद, लसूण, काळमेघ. पाण्यातून पाजली आणि बघता बघता मर थांबली.

तिथेच खरी मेख होती. एका मोठ्या गिऱ्हाइकाने अंडी तपासून घेतली, तर त्यात एन्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचे अंश. आम्ही खाद्य तपासलं, त्यात काही नाही. मग बाटलीच प्रयोगशाळेत दिली. औषध तिच्यातच मिसळलेलं होतं! अमेरिकेने २००५ सालीच कोंबड्यांसाठी बंद केलेलं हे औषध आम्ही पाला समजून पाजत होतो आणि ती अंडी लोकांच्या लेकरांच्या ताटात जात होती. याचा संताप अजून जात नाही. गिऱ्हाईक तुटलं, विक्रेत्याचा फोन बंद.

नुकसान एवढ्यावर थांबलं नाही. पुढच्या वेळी मर लागल्यावर डॉक्टरांनी नमुना कल्चरला (जंतू वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते बघायला) पाठवला, तर एन्रोफ्लॉक्सासिन लागूच पडत नाही असा अहवाल आला. मात्रा किती, दिवस किती, काहीच ठाऊक नसताना औषध पोटात गेलं की जंतू निर्ढावतात.

वनस्पतींमध्ये दम नाही असं मी म्हणत नाही. ओव्यातलं थायमॉल, ओरेगॅनोतलं कार्वाक्रॉल जंतूंचं आवरण फोडतं. खाद्यातून नियमित दिलं तर आतड्याला मदतही होते. पण रक्तात उतरलेला ई. कोलाय पाल्याने झटक्यात आटोक्यात येत नाही. जादूसारखा गुण आला, तर तिथेच संशय घ्या.

आमच्या बाटलीवर बॅच नंबर नव्हता, परवाना क्रमांक नव्हता, कोणता घटक किती तेही नव्हतं. अशी बाटली शेडमध्ये असेल तर पाजणं आजच थांबवा, पण फेकू नका. सीलबंद बाटली आणि पावती जपून ठेवा, डॉक्टरांना दाखवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. आमची तक्रार दाखल आहे.