आंब्याच्या पट्ट्या, एक्सेल आणि पायविन३२ : नऊ महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीत सुरू केलं होतं, आता नोव्हेंबर. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतून एक्सेल चालवायला पायविन३२ नावाची लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरतोय. काकांचं देवगडला आंब्याचं पॅकिंग आहे, आजूबाजूच्या बागायतदारांचा माल पण आमच्याच टेम्पोतून वाशीला जातो. तिकडून दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली की पेट्या, भाव, त्यातून भाडं, हमाली वजा करून प्रत्येकाचा वेगळा हिशेब काढायचा आणि पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा. हाताने करायचो तेव्हा एप्रिल-मेमध्ये रात्रीचे दोन वाजायचे.

पहिला आठवडा एकदम मस्त. मग एका दुपारी स्क्रिप्ट मधेच आपटली, 'कॉल वॉज रिजेक्टेड बाय कॉली', म्हणजे स्क्रिप्टने सांगितलेलं काम (कॉल) एक्सेलने नाकारलं, एरर नंबर -२१४७४१८१११. परत चालवली तर चालली, संध्याकाळी परत आपटली, मला वाटलं माझाच कोड गंडलाय. दोन दिवस डोकं खाल्ल्यावर एकदा सहज काकांच्या टेबलाकडे बघितलं तर त्याच लॅपटॉपवर एक्सेल उघडं, एका सेलमध्ये '६ डझनी' असं अर्धवट लिहिलेलं, कर्सर लुकलुकतोय, आणि काका बाहेर चहा पितायत. सेल एडिट मोडमध्ये असला की एक्सेल बाहेरचा कुठलाच कॉल घेत नाही. पण माझ्या स्क्रिप्टचा आणि काकांच्या एक्सेलचा संबंध काय? तर एक्सेलशी जोडून देणारी पायविन३२ची साधी आज्ञा, 'डिस्पॅच', आधी चालू असलेलं एक्सेल शोधतं आणि त्यालाच जाऊन चिकटतं. म्हणजे मी इतके दिवस काकांच्याच एक्सेलमध्ये काम करत होतो.

हे कळायच्या आधी एक कांड झालंच होतं. स्क्रिप्टच्या शेवटी 'क्विट', म्हणजे एक्सेल बंद कर, आणि एक्सेलच्या सूचना (अलर्ट) मी आधीच बंद केलेल्या, त्यामुळे सेव्ह करू का वगैरे काही न विचारता काकांची अख्खी एक्सेल फाइल बंद. "मेल्या, माझी फायल खंय गेली?" काय सांगणार, दिवसभराच्या पेट्यांची नोंद परत बसून भरली दोघांनी.

मग 'डिस्पॅचएक्स' वर आलो, ते स्वतःचं वेगळं एक्सेल उघडतं. तरी सुटका नाही, कारण काकांनी एखाद्या फाइलवर डबलक्लिक केलं की ती कधीकधी माझ्या त्या लपलेल्या एक्सेलमध्येच उघडायची. त्यावर 'इग्नोअररिमोटरिक्वेस्ट्स' हे सेटिंग ट्रू करायचं, मग ते एक्सेल बाहेरून आलेल्या फाइली उघडत नाही. पण क्विटच्या आधी आठवणीने परत फॉल्स करा, हे सेटिंग एक्सेल लक्षात ठेवतं आणि मग पुढच्या वेळी डबलक्लिक केलं तरी फाइल उघडत नाही. हे मी विसरलो होतो, शिव्या कोणी खाल्ल्या ते सांगायला नको. आता सगळं ट्राय-फायनलीमध्ये आहे, म्हणजे मधे एरर आली तरी शेवटची आवराआवर होतेच, नाहीतर स्क्रिप्ट मधे मेली की टास्क मॅनेजरमध्ये एक्सेलची भुतं (बंद न झालेली, लपलेली एक्सेल) साचतात आणि आमचा चार जीबीचा लॅपटॉप रडायला लागतो.

रिजेक्टेड एरर तरी अधूनमधून येतेच, एक्सेल नुकतं उघडत असताना जास्त. त्यामुळे प्रत्येक कॉल एका छोट्या फंक्शनमधून जातो, हा एरर नंबर आला की अर्धा सेकंद थांब, परत कर, चाळीसदा जमलं नाही तर सोड. शिवाय सेल-सेल लिहिणं बंद केलं, अख्खी रेंज (सेलचा पूर्ण पट्टा) एकदम टाकतो. कॉल कमी तेवढ्या आपटायच्या जागा कमी, आणि वेग तर विचारूच नका.

दुसरा मोठा त्रास जेन-पायचा. 'एन्शुअरडिस्पॅच' हा डिस्पॅचचाच दुसरा प्रकार वापरला की लायब्ररी टेम्पमध्ये जेन-पाय नावाचा फोल्डर बनवते आणि त्यात एक्सेलसाठी कोड तयार करून ठेवते. मेच्या शेवटी वळवाचा पाऊस, लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरी तर कधीचीच गेलेली. लाइट आल्यावर स्क्रिप्ट म्हणते 'सीएलएसआयडीटुक्लासमॅप' नावाचं अ‍ॅट्रिब्यूटच नाही. त्यात माझ्या कोडमधलं काहीच नाही, त्या फोल्डरातला साठवलेला कोड (कॅशे) अर्धवट राहिलेला. फोल्डर उडवला, चालू झालं. नंतर एन्शुअरडिस्पॅचच काढून टाकलं, एक्सेलची ठरलेली नावं (कॉन्स्टंट) सरळ आकड्यात लिहितो, एक्सएलअपला -४१६२, पीडीएफला ०. दिसायला घाण आहे पण लाइट गेली तरी बिघडत नाही. (सेव्ह करताना पाथ पूर्ण द्या, नाहीतर फाइल डॉक्युमेंट्समध्ये जाऊन बसते आणि आपण स्क्रिप्टच्या फोल्डरात शोधत राहतो.)

मग एक्सेल फाइली थेट वाचणारी-लिहिणारी ओपनपायएक्सएल ही लायब्ररी का नाही, असं बरेच जण विचारतात. वापरतो ना, आकडे भरायचं काम आता तेच करतं, त्याला एक्सेल लागतच नाही. पण ते फॉर्म्युले सोडवत नाही आणि पीडीएफ पण काढत नाही, म्हणून शेवटच्या दोन पायऱ्यांना पायविन३२ लागतंच. माझ्या मते पहिल्यापासून असंच करायला हवं होतं, निम्मा ताप वाचला असता.

दिवाळीत नवीन लॅपटॉप घेतलाय, सध्या काजूची बिलं त्यावर चालतात. लॉगमध्ये रिट्रायच्या ओळीला मी 'काका चहाला' असं लिहून ठेवलंय, कालच्या दिवसात ती तीनदा आली आणि काका तर मुंबईला गेलेत.