ऐरोलीची फ्लेमिंगो बोटफेरी: तिकिटाआधी तिथी बघा

ठाणे खाडीतले रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, पाण्यावरून बघायचे तर वन विभागाच्या ऐरोलीतल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणारी बोटफेरी हा सगळ्यात चांगला मार्ग आहे. साधारण तासाभरात खाडीचा असा भाग दिसतो, जो पुलावरून जाणाऱ्या लाखो माणसांना वर्षानुवर्षं जाऊनही दिसत नाही. तरीही याच फेरीबद्दल काही जण भारावून बोलतात आणि काही जण ‘लांबून चार ठिपके दिसले’ असं सांगतात. दोघंही खरं बोलत असतात. फरक पडतो तो भरतीच्या वेळेमुळे.

खाडीत दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. रोहित खातात ते ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर आणि त्यावरच्या घोटाभर पाण्यात. पण चिखल पूर्ण उघडा असताना काठाजवळ बोट जाऊ शकत नाही, रुतते. उलट पूर्ण भरतीला बोट कुठेही फिरते, पण चिखल पाण्याखाली गेलेला असतो आणि पक्षी उडून काठामागच्या पाणथळ जागांवर विसावायला गेलेले असतात. म्हणजे कामाची वेळ मधली: पाणी चढत असताना, भरतीच्या साधारण दोन-अडीच तास आधी. तेव्हा पाणी पक्ष्यांना हळूहळू तिवरांच्या, म्हणजे काठावरच्या खारफुटीच्या, बाजूला सरकवत आणतं आणि बोटीलाही पुरेशी खोली मिळते. केंद्राच्या फेऱ्या भरतीप्रमाणेच ठरतात, त्यामुळे रोजची वेळ वेगळी असते. ‘रविवारी सकाळी आठची द्या’ असं इथे चालत नाही आणि ते योग्यच आहे.

कोळ्यांचा जुना हिशेब इथे उपयोगी पडतो. तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं, चारने भागायचं; येईल तितके वाजता मुंबईच्या किनाऱ्यावर भरती. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा वाजता. त्रयोदशीला पावणेदहा. तिथी शुक्ल पक्षातली असो की कृष्ण पक्षातली, हिशेब तोच. ऐरोली खाडीत आत असल्यामुळे तिथे पाणी त्याहून थोडं उशिरा चढतं. हा अंदाज आहे. नेमकी वेळ छापील भरती-कोष्टकातच बघावी. पण महिनाभर आधी दिवस निवडायला तो पुरतो.

माझी निवड द्वादशी ते चतुर्दशी. या दिवसांत भरती सकाळी नऊ ते साडेदहाच्या सुमारास येते, त्यामुळे पाणी चढण्याचा चांगला टप्पा सात-आठ वाजता मिळतो. खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य मुख्यतः ऐरोली आणि वाशी पुलांमधल्या पश्चिम काठावर आहे. सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि गुलाबी रंग खरा दिसतो. दुपारनंतरच्या फेरीत त्याच काठाकडे बघताना ऊन डोळ्यांवर येतं आणि हजारो पक्षी नुसत्या काळ्या आकृत्या होतात. छायाचित्रं काढणाऱ्यांनी संध्याकाळची फेरी मिळाली म्हणून आनंदून जाऊ नये. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी, आणि भर दुपारी ओहोटी. त्या दिवसांत सोयीची वेळ क्वचितच सापडते.

बोट ऐरोलीहून दक्षिणेला जाते, म्हणून जाताना उजव्या बाजूची जागा धरावी. दुर्बीण 8×42 पुरे. दहापटीची दुर्बीण जमिनीवर छान वाटते, पण इंजिनाच्या थरथरीत तिच्यातलं चित्र स्थिर राहत नाही. कॅमेऱ्याला 400 मिलीमीटरपर्यंतची लेन्स, शटर 1/1600 किंवा त्याहून वेगवान. तिपाई आणू नये, बोटीच्या हालचालीत तिचा काहीच उपयोग होत नाही. टोपी आणि पाणी हवंच, कारण मार्चनंतर खाडीवरचं ऊन खालून-वरून दोन्हीकडून भाजतं.

थवे ठरावीक महिन्यांतच असतात. साधारण नोव्हेंबरपासून पक्षी यायला लागतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर बहुतेक निघून जातात. त्यांची वीण कच्छच्या रणात होते. गर्दी शिगेला पोचते ती जानेवारीनंतर. संपूर्ण खाडी आणि आसपासच्या पाणथळी धरून बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या) मोजणीत अलीकडच्या वर्षांत हा आकडा लाखाच्या पुढे गेला आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला जाऊन ‘पक्षीच नव्हते’ म्हणणं हे आंबे बघायला दिवाळीत जाण्यासारखं आहे.

थव्यात दोन जाती मिसळलेल्या असतात आणि त्या ओळखता आल्या की फेरीची मजा दुप्पट होते. लहान रोहित संख्येने कितीतरी जास्त. उंची तीन फुटांच्या आत, चोच गडद लालसर, लांबून जवळजवळ काळीच वाटणारी. मोठा रोहित चार-साडेचार फुटांचा, अंगाने पांढुरका, चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं. करडे-तपकिरी दिसतात ती पिल्लं. लहान रोहिताचं खाणं दुर्बिणीतून नीट बघा: मान खाली, डोकं उलटं, चोचीचा वरचा भाग पाण्याच्या तळाकडे. जाड जीभ पंपासारखी सेकंदाला वीसेक वेळा मागेपुढे होते, पाणी आत ओढलं जाऊन बाहेर फेकलं जातं, आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीत निळे-हिरवे शेवाळ अडकतं. पिसांचा गुलाबी रंग याच खाण्यातल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांमधून येतो. मोठ्या रोहिताची चाळणी जाड, त्यामुळे तो किडे, अळ्या, छोटे कवचधारी जीव टिपतो. म्हणूनच दोघं एकाच चिखलावर फारसं न भांडता चरू शकतात.

पक्षी अस्वस्थ झाले की ते आधी सांगतात. खाणं थांबतं, माना एकदम वर होतात, मग सगळे एकाच दिशेने चालू लागतात. त्यापुढची पायरी म्हणजे उडणं. माना वर झाल्या की बोट तिथेच थांबायला हवी. ‘अजून थोडं पुढे घ्या’ असा आग्रह चालकाला करू नका. थवा उडाला की व्हिडिओ देखणा येतो, पण ओहोटीचे मोजके तास हीच त्यांची जेवणाची वेळ असते आणि उगाच उडण्यात ती वाया जाते.

रोहितांच्या नादात बाकीचे पक्षी निसटतात. लांब वाकड्या चोचीचा कुरल, लाल पायांचा शेकाट्या, वर वळलेल्या चोचीचा उचाट्या, टिलवे आणि तुतवारांचे घोळके, पाण्यावर कुरव आणि सुरय, खांबावर मासा धरून बसलेली मोरघार. चोच जितकी लांब तितक्या खोल चिखलातलं खाणं, हे सूत्र लक्षात ठेवलं तर एकाच पट्ट्यावर इतक्या जाती कशा मावतात ते डोळ्यांसमोर उलगडतं.

बोटीच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचावं. माहिती दालन बघून होतंच, पण खरा फायदा काठ बघण्याचा. इथे सर्वाधिक दिसणारं झाड तिवर. त्याच्या बुंध्याभोवती चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी मुळं श्वास घेण्यासाठी असतात, कारण चिखलात बोटभर खाली गेलं की ऑक्सिजन जवळजवळ संपतो. तिवराचं पान उलटं करून उन्हात धरा. नको असलेलं मीठ झाड पानातून बाहेर टाकतं आणि त्याचे बारीक कण चमकताना दिसतात. पाणी उतरलेलं असेल तर चिखलावर निवट्या दिसतील. हा मासा कल्ल्यांत पाणी भरून आणि ओल्या कातडीतून श्वास घेत बाहेर वावरतो. डोळे डोक्याच्या वर असल्यामुळे घार त्याला आधी दिसते आणि तो बिळात शिरतो. तो बाहेर येईपर्यंत दोन मिनिटं न हलता उभं राहावं लागतं.

इतिहासासाठी तासाभराची फेरी पुरत नाही, म्हणून तो थोडा वाचून जावा. भांडुप, कांजूर, मुलुंडच्या बाजूची मिठागरं बोटीतून दिसत नाहीत, ती तिवरांच्या मागे आहेत. पण या काठाचा आकार त्यांनीच ठरवला. पद्धत अशी: उधाणाच्या भरतीला बांधातल्या दारातून खाडीचं पाणी मोठ्या कप्प्यात घ्यायचं, तिथून ते एकामागून एक उथळ कप्प्यांत फिरवत उन्हात आटवायचं. वाटेत आधी चुनखडी आणि जिप्सम तळाला बसतात. पाण्याचा दाटपणा बोमे मापकावर 25 अंशांच्या आसपास पोचला की शेवटच्या छोट्या कुंड्यांत मिठाचे खडे धरू लागतात. 29-30 अंशांपुढे पाणी तसंच ठेवलं तर मॅग्नेशियमचे क्षार खाली येतात आणि मीठ कडवट होतं, ओल धरतं. म्हणून ते उरलेलं पाणी वेळीच काढून टाकावं लागतं. अवकाळी पावसाची एक सर आली की आठवड्यांची मेहनत विरघळते. या कामात पिढ्यान्‌पिढ्या आगरी माणसं राबली. 1930 च्या सत्याग्रहात वडाळ्याच्या मिठागरांवर लोकांनी धाडी घातल्या त्या याच मिठावरच्या करापायी. आणि पक्ष्यांच्या दृष्टीने मिठागर म्हणजे भरतीच्या वेळचा उथळ, शांत आसरा. खाडी भरलेली असताना कुरल आणि टिलवे जातात कुठे, याचं उत्तर तिथे आहे. मिठागरांच्या जमिनीकडे ‘रिकामी जागा’ म्हणून बघणं म्हणूनच घातक आहे.

रोहित इथे मोठ्या संख्येने दिसू लागले ते 1990 च्या दशकात. त्यामागे खाडीत साचत गेलेला गाळ आहे आणि शहराचं सांडपाणीही. त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं. पक्षी भरपूर म्हणजे पाणी स्वच्छ, असा अर्थ काढू नये. दुसरी गुंतागुंत अशी की गाळ उंचावला की त्यावर तिवर पसरतं आणि उघडा चिखल कमी होतो. खारफुटी वाढली म्हणून आनंद मानताना रोहितांचं ताट आकसतंय, हेही ध्यानात ठेवायला हवं. 2015 मध्ये सुमारे 1,690 हेक्टरचं अभयारण्य जाहीर झालं, 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं. पण भरतीला विसावायच्या नवी मुंबईतल्या अनेक पाणथळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. एका बाजूचं जेवण राखलं आणि दुसऱ्या बाजूची झोप उघड्यावर सोडली, असा हा प्रकार आहे.

बोट जमत नसेल तर पायी बघायच्या जागा आहेत. शिवडीच्या धक्क्यावर पाणी चढत असतानाच जावं, पूर्ण ओहोटीला पक्षी फार लांब असतात. नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर उलट, भरतीच्या वेळी. भांडुप उदंचन केंद्राच्या (पंपिंग स्टेशनच्या) परिसरात रोहितांपेक्षा इतर पक्ष्यांची विविधता जास्त. नुकतंच पक्षिनिरीक्षण सुरू केलेल्यांना ती जागा जास्त शिकवते.

बोटफेरी कुणासाठी? आठ-दहा वर्षांपुढची मुलं, आजी-आजोबा आणि चिखलात पाय घालायची इच्छा नसलेले सगळे यांच्यासाठी याहून सोपा पर्याय नाही. एकेका पक्ष्यासमोर अर्धा तास बसणाऱ्यांना ती तोकडी वाटेल. त्यांनी काठावरची जागा धरावी. हंगामातले शनिवार-रविवार लवकर भरतात, म्हणून आधी तिथी ठरवून आगाऊ नोंदणी करावी आणि कामाचा दिवस मिळाला तर तो घ्यावा. ऐरोली स्टेशन ट्रान्स-हार्बर मार्गावर आहे, तिथून रिक्षा मिळते. निघायच्या आदल्या दिवशी फेरीची वेळ पुन्हा विचारून घ्या. वारा किंवा पाणी साथ देत नसेल तर ती बदलू शकते.