तीनशे चिप्सची पेटी: पोकर शिकणाऱ्याने घ्यावी का?

अ‍ॅल्युमिनियमची पेटी, तीनशे चिप्स, दोन कॅट आणि एक डीलर बटण (वाटप कुणाकडे आहे ते दाखवणारी चकती). बहुतेक वेळा ब्रँडचं नावही नसलेला हा संच साधारण अडीच-तीन हजारांत ऑनलाइन मिळतो, सांगली-मिरजेत घरपोच येतो. पोकर नव्याने शिकणाऱ्या पाच-सहा जणांनी मिळून तो घ्यावा का? घ्यावा, पण चिप्सवर आकडे छापलेले असतील तरच. आणि आतले पत्ते नाहीतच असं समजून घ्यावा.

आधी चिप्स. याच किमतीत दोन प्रकार दिसतात. एकात कडेला फाशांची नक्षी असते आणि आकडा कुठेच नसतो. फोटोत हा प्रकार जास्त देखणा दिसतो, पण नवख्यांच्या टेबलावर दर दोन डावांनी ‘हिरवी कितीची होती?’ सुरू होतं. दुसऱ्यात 1, 5, 25, 100 असे आकडे असतात. तोच घ्यायचा. काही संचांत सर्वांत लहान चिप 25 ची असते. तेही चालतं, ब्लाइंड (डाव सुरू होण्याआधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या रकमा, एक लहान आणि एक मोठी) 25-50 ठेवायचे आणि प्रत्येकाला 5,000 द्यायचे. आकडा स्टिकरवर असेल तर कडेला नख लावून बघावं. स्टिकर तिथूनच सुटायला लागतो आणि मग चिप्सची चवड सरळ राहत नाही.

साडेअकरा ग्रॅमची चिप हाताला पुरेशी जड लागते. वजन आतल्या धातूच्या चकतीचं असतं, त्यामुळे ‘कॅसिनोसारखी क्ले’ (म्हणजे मातीची) या जाहिरातीकडे दुर्लक्ष करावं. तीनशे चिप्सचं वजन साडेतीन किलोच्या आसपास जातं, आणि पेटीचा पत्रा त्या मानाने पातळ असतो. पहिल्यांदा ढिला होतो तो मुठीचा स्क्रू. पेटी खालून हात लावून उचलावी. पाचशे चिप्सची पेटी सहा जणांना लागत नाही.

वाटणी अशी करावी. संचात पांढऱ्या (1) आणि लाल (5) शंभर-शंभर, हिरव्या (25) आणि काळ्या (100) पन्नास-पन्नास असतील, तर सहा जणांत प्रत्येकी 15 पांढऱ्या, 12 लाल, 5 हिरव्या. बेरीज 200. ब्लाइंड 1-2 ठेवले की प्रत्येकाकडे बरोबर शंभर मोठे ब्लाइंड होतात. आठ जण बसले तर प्रत्येकी 10 पांढऱ्या, 8 लाल, 6 हिरव्या, बेरीज तीच. काळ्या पेटीतच राहू द्याव्यात. दर हरण्याला पेटीतून नवा ढीग दिला की सगळेच कुठल्याही पत्त्यांवर कॉल करत (समोरच्याने लावली तेवढीच रक्कम लावत) सुटतात आणि शिकणं तिथेच थांबतं. ढीग संपला की माणूस उठला, आणि शेवटी त्यानेच चिप्स रंगवार लावून पेटी भरायची, एवढी शिक्षा पुरते. पैसे मध्ये आणू नयेत. शिकायला त्यांची गरज नाही, आणि राज्यात 1887 चा जुगारबंदी कायदा आहेच.

मोबाइलवर फुकट खेळता येत असताना पेटी कशाला? ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. उरले फुकट चिप्सचे. त्यात पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) किती झाला हे पडद्यावर आयतं दिसतं, नवख्याला ते मोजावं लागत नाही. पेटीत मोजावं लागतं, आणि पोकरचा अर्धा अभ्यास तिथेच आहे.

उदाहरणार्थ, पॉटमध्ये 60 आहेत, समोरच्याने 30 लावले. कॉल करायला 30 लागतात आणि कॉल केल्यावर पॉट 120 होतो. म्हणजे चारातला एक डाव जिंकता आला तरच बरोबरी, 25 टक्के. आता तुमच्या हातात बदामाची दोन पानं आहेत आणि फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या सगळ्यांच्या पहिल्या तीन पानांत, आणखी दोन बदाम आले. अजून दोन पानं उघडायची आहेत. उरलेले बदाम नऊ. पुढच्या एका पानात फ्लश (पाच बदाम) लागण्याची शक्यता 47 पैकी 9, सुमारे 19 टक्के. दोन्ही पानं मिळून 35 टक्के. ढोबळ हिशेब सोपा आहे: उपयोगी पानं गुणिले दोन इतके टक्के, आणि दोन पानं यायची असतील तर गुणिले चार. चूक या ‘चार’पाशी होते. टर्नवर (चौथं पान उघडल्यावर) समोरचा पुन्हा पैज लावणार असेल तर दोन्ही पानं तुम्हाला 30 मध्ये मिळत नाहीत. चाराचा गुणाकार कुणीतरी ऑल-इन झालेलं (सगळ्या चिप्स लावलेलं) असेल तेव्हाचा. एरवी 19 आणि 25 यांची तुलना करायची, आणि फ्लश लागल्यावर समोरच्याकडून पुढे आणखी किती निघतील याचा अंदाज धरायचा. तो अंदाज नसेल तर पत्ते टाकावेत.

पेटीतल्या नियमांच्या चिठ्ठीत हातांची (पत्त्यांच्या जुळणींची) क्रमवारी असते, तेवढीच कामाची. आपल्याकडचा माणूस तीन पत्तीतून येतो, म्हणून ती चिठ्ठी टेबलावर उघडी ठेवावी. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो, पोकरमध्ये फ्लश (म्हणजे कलर) स्ट्रेटच्या (म्हणजे सिक्वेन्सच्या) वर. कारण मोजणीत आहे. तीन पानांचे 22,100 हात होतात. त्यांत कलर 1,096 आणि सिक्वेन्स 720, म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांच्या 25,98,960 हातांत स्ट्रेट 10,200 आणि फ्लश 5,108, म्हणून उलट. एक्का-दुर्री-तिर्री तीन पत्तीत बहुतेक ठिकाणी दुसऱ्या क्रमांकाचा सिक्वेन्स मानतात. पोकरमध्ये एक्क्यापासून पंजीपर्यंतचा स्ट्रेट सर्वांत लहान. इस्पिक मोठं की बदाम, हा वादच पोकरमध्ये नाही. पाचही पानं तुल्यबळ असतील तर पॉट वाटून घ्यायचा.

चिठ्ठीत न सापडणारे दोन नियम पहिल्याच दिवशी ठरवावेत. काही न बोलता एकच मोठी चिप पुढे टाकली तर तो कॉल. रेझ करायचं (रक्कम वाढवायची) असेल तर आधी तोंडाने सांगायचं. आणि चिप्स दोन हप्त्यांत पुढे सरकवायच्या नाहीत. पहिल्या हप्त्यावर समोरच्याचा चेहरा वाचून दुसरा टाकणारे प्रत्येक गटात निघतात.

आता पत्ते. पेटीतला कॅट बहुधा पातळ कागदी असतो. पावसाळ्यात कृष्णाकाठच्या दमट हवेत तो फुगतो, नीट पिसला जात नाही, आणि कोपरा दुमडलेला एक्का मागूनही ओळखू येतो. टेबलावर भडंग असेल तर विचारायलाच नको. पूर्ण प्लास्टिकचा कॅट वेगळा घ्यावा. ओल्या फडक्याने पुसता येतो. कोपऱ्यातला आकडा मोठा असलेला बघावा, म्हणजे टेबलाच्या दुसऱ्या टोकावरूनही फ्लॉप वाचता येतो. पोकरचा आकार 63 मिलिमीटर रुंद, ब्रिजचा 57. हात लहान असतील तर ब्रिजचा बरा.

एकट्यानेही पेटी वापरता येते. दोन हात उघडे वाटा, फ्लॉप लावा, मागे असलेल्या हाताला उपयोगी पानं किती ते मोजा, टक्का कागदावर लिहा आणि मग विंडोजवर फुकट मिळणाऱ्या ‘इक्विलॅब’मध्ये ताळा करा. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीपुढे सुमारे 82 टक्के जिंकते, म्हणजे पाचांतून जवळपास एकदा हरते. हातात जोडी असताना फ्लॉपवर त्याच आकड्याचं तिसरं पान साडेआठातून एकदाच येतं. लहान जोडीवर मोठी रक्कम कॉल करणाऱ्याने हा आकडा तरी पाठ करावा.

मागवण्याआधी विक्रेत्याकडून प्रत्येक रंगाची संख्या विचारून घ्या. ‘तीनशे’ म्हणून काही संचांत पाच रंग साठ-साठ येतात, आणि मग वरची सहा जणांची वाटणी जुळत नाही. पांढऱ्या 10, लाल 8, हिरव्या 6 अशी आठ जणांची वाटणी सहा जणांनाही तशीच करावी लागते.