मार्टिंगेल कोर्स, १,४९९ रुपये: घेऊ नका

माझ्या धाकट्या भावाने टेलिग्रामवरून हा रूलेटचा कोर्स घेतला. रूलेट म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कुठल्या घरात बसेल, लाल की काळ्या, यावर पैसे लावायचा खेळ. एक पीडीएफ, चार व्हिडिओ आणि ‘रोजची हमखास कमाई’ असं आश्वासन. मी एकवीस वर्षं पतसंस्थेत कॅशियर आहे, त्यामुळे ती पीडीएफ मी ओळ न् ओळ वाचली.

मार्टिंगेल ही पद्धत जुनीच. काळ्यावर १०० लावायचे, हरलो की २००, मग ४००, असं दुप्पट करत जायचं. एकदा काळं आलं की मागचं सगळं वसूल, वर १०० रुपये. समजावून सांगितलंय चांगलं, तेवढं मान्य करते.

दिवाळीनंतर पणजीला गेलो. मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर टेबलाला पाटी होती: किमान १००, कमाल १०,०००. चाकावर हिरवी घरं दोन, शून्य आणि डबल शून्य. पहिल्या तासात भाऊ १,८०० रुपयांनी वर. “ताई, बघ!” त्याचा चेहरा फुलला होता.

मग लाल आलं. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा लाल. सहाव्यांदा डबल शून्य. ६,४०० च्या चिप्स सरकवताना त्याची बोटं थरथरत होती. गोळी काळ्या २० वर टेकली, उडाली आणि शेजारच्या लाल ३२ मध्ये जाऊन बसली. १२,७०० गेले. पुढचा डाव १२,८०० चा लागणार होता, आणि पाटीवर मर्यादा १०,०००. कोर्समध्ये या पाटीबद्दल एक अक्षर नाही, माझा सगळ्यात मोठा राग यावर आहे.

रात्री लॉजवर मी हिशोब मांडला. ३८ घरांपैकी काळी १८, बाकी २० वर आपण हरतो. ओळीने सात वेळा हरण्याची शक्यता साधारण ८९ त एक. म्हणजे ८८ वेळा शंभर-शंभर करून ८,८०० जमवायचे आणि एकदाच १२,७०० घालवायचे. लावलेल्या दर शंभरामागे सरासरी ५ रुपये २६ पैसे कॅसिनोचे. एकच शून्य असलेल्या चाकावर २ रुपये ७० पैसे. डाव लहान-मोठे केल्याने हा दर बदलत नाही, फक्त नुकसान कधी अंगावर येणार ते बदलतं.

‘सात वेळा ओळीने येतच नाही’ असं व्हिडिओत छातीठोकपणे सांगतात. माँटे कार्लोच्या कॅसिनोत १८ ऑगस्ट १९१३ ला काळं ओळीने २६ वेळा आलं होतं. ‘आता लाल येणारच’ म्हणत लोक लावत राहिले आणि बुडाले. गोळीला मागचं काही आठवत नसतं हो.

विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे भांडवल कमी पडलं, भाग दोन घ्या, फिबोनाची पद्धत (हरलो की पुढचा डाव मागच्या दोन डावांच्या बेरजेइतका), २,५०० रुपये. तिचाही तक्ता मी करून पाहिला. खाली तेच ५ रुपये २६ पैसे.

भावाने पैसे परत मागितलेत. ‘आधी तीस दिवस खेळून नोंदी पाठवा’ असं उत्तर आलंय. मी त्याला पाठवू दिलेल्या नाहीत.